ऊसतोडीच्या केंद्रात वाचन मोजताना: २०२४-२५च्या नोंदी

१८ जुलै २०२४

काल आषाढी, आज पुन्हा गुण भरायची लिंक. वर्षाच्या सुरुवातीच्या सरकारी पायाभूत चाचणीचे गुण भरून झाले एकदाचे. तीन शाळांना रेंज नाही, तिथले गुरुजी मोटारसायकलवर तालुक्याला आले आणि चहाच्या टपरीवर बसून चॅटबॉटवर गुण भरून गेले. भाषा, गणित, इंग्रजी. प्रत्येक मुलाच्या नावापुढे आकडा.

आता हातात काय आलं? शाळावार सरासरी. तांड्यावरच्या शाळेत चौथीतल्या एका पोराला भाषेत अगदीच कमी गुण आहेत. त्याला अक्षरंच येत नाहीत, का वाचता येतं पण लिहायला वेळ लागतो, का प्रश्न काय विचारलाय तेच कळलं नाही? आकडा यातलं काहीच सांगत नाही. गुरुजींना विचारलं, सोमवारी या पोराला काय शिकवणार? म्हणाले, "मॅडम, पाठ तिसरा."

म्हणून ठरवलं. मी केंद्रप्रमुख, माझ्या केंद्रात म्हणजे शाळांच्या गटात अकरा शाळा आहेत, त्यातल्या सहा निवडायच्या. तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाजवळ बसायचं आणि त्याला कुठपर्यंत वाचता येतं, कुठपर्यंत गणित येतं ते लिहायचं. पोर्टलवर काही चढवायचं नाही. एक वही फक्त. ही तीच.

२२ जुलै

साधनं नवी करायची गरज नाही. 'असर'वाले, म्हणजे घरोघरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणारे सर्वेक्षणवाले, २००५पासून जी पद्धत वापरतात ती पुरते: अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून. तो जमला तर गोष्ट द्यायची, अडला तर शब्द, तिथंही अडला तर अक्षरं. पाच शब्दांतले चार बरोबर आले की तो शब्दावर. परिच्छेदात तीनपर्यंत चुका चालतात, पण वाक्य वाक्यासारखं वाचलं पाहिजे. एकेक शब्द दगडासारखा टाकत गेला तर तो परिच्छेदावर नाही.

गणितात अंक ओळख, दोन अंकी संख्या ओळख, हातच्याची वजाबाकी, तीन अंकीला एक अंकीने भागाकार. मी एक रकाना वाढवला: ऐकून संख्या लिहिणे. त्याचं पुढे बघू.

परिच्छेद मात्र आमचे आम्ही लिहिले. पाठ्यपुस्तकातला एकही नको, हे निक्षून सांगितलं.

१ ऑगस्ट

तांडा. पाऊस आणि चिखल, स्कूटी खालीच लावून चालत गेले. बावीस मुलांजवळ बसले, साडेचार तास लागले. हे वेळापत्रकात कुठंही बसत नाही.

ऐकून संख्या लिहिण्याच्या रकान्याने आज माझी विकेट काढली. "त्रेसष्ट लिही." तिसरीतल्या मुलीने लिहिलं ३६. "सत्तेचाळीस." ७४. "एकोणसाठ." बराच वेळ पेन्सिल चावली आणि ६१ लिहिलं. गुरुजी म्हणाले, स्थानिक किंमत कच्ची आहे. मलाही तेच वाटलं असतं. मग तिला म्हटलं, "सहा दशक आणि तीन सुटे लिही." तिने लिहिलं ६३, न थांबता.

म्हणजे दशक-एकक तिला येतं, अडचण आहे ती आपल्या संख्यांच्या नावांची. त्रेसष्टमध्ये तीन आधी ऐकू येतात, साठ मागून. पोरगी जे ऐकते ते ऐकते त्या क्रमाने लिहिते, यात तिची चूक ती काय? आणि एकोणसाठ म्हणजे साठात एक उणा, हे कुणी फोडून सांगितल्याशिवाय कसं कळावं? तिला 'एक' आणि 'साठ' ऐकू आले, तिने ६१ केले. शेजारच्या कन्नड-तेलुगूत दशक आधी बोलतात, इंग्रजीतही वीसच्या पुढे तसंच. २०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. मीही तेव्हा नाक मुरडलं होतं. माझं मत आजही पूर्ण बदललेलं नाही, त्रेसष्ट म्हणता आलंच पाहिजे बाजारात. पण तेव्हा हसणाऱ्यांतल्या कितीजणांनी तिसरीतल्या पोरीजवळ बसून एकोणसाठ लिहून घेतलं होतं?

रकाना दोनात फोडला: 'त्रेसष्ट' म्हणून आणि 'सहा दशक तीन' म्हणून. बावीसपैकी सात जणांचं पहिलं चुकलं, दुसरं बरोबर. लेखी चाचणीत या सातही जणांना शून्यच.

२ ऑगस्ट

कालचं राहिलं. तांड्यावर घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात. एका पोराने परिच्छेद अडखळत वाचला, माझ्या नियमाने तो शब्दावरच. पुस्तक मिटून विचारलं, काय झालं यात? तर घडाघडा सांगितलं, अर्धं मराठी, अर्धं गोरमाटी, आई म्हणायच्या जागी याडी. दुसऱ्याने तोच परिच्छेद आगगाडीसारखा वाचला, शेवटी विचारलं शेळी कुठं गेली, तर माझ्या तोंडाकडे बघत राहिला. वहीत दुसरा वर आणि पहिला खाली. वहीचं चुकतंय. 'सांगता आलं का' असा रकाना वाढवला, हो किंवा नाही एवढाच, आणि उत्तर कुठल्याही भाषेत चालेल.

९ ऑगस्ट

अदलाबदल. आधी प्रत्येक शाळेने आपापल्या मुलांची यादी करून दिली होती, मग शेजारच्या शाळेच्या गुरुजींनी येऊन तपासायचं. थोडी कुरकुर झाली. "आमच्यावर विश्वास नाही का मॅडम?" म्हटलं, माझी यादीही दुसऱ्या कुणीतरी तपासा.

वस्तीवरच्या शाळेत 'गोष्ट' म्हणून लिहिलेली तीन मुलं तपासणीत परिच्छेदावर निघाली, एक तर शब्दावर. गुरुजी लबाडी करत नव्हते. त्यांनी घेतला होता पुस्तकातला धडा, जो वर्गात वीसदा म्हणून झालाय. त्यातल्या एकाला मी तोच धडा काढून दिला. त्याचं बोट दुसऱ्या ओळीवर होतं आणि तोंड चौथ्या. तोंडपाठ.

उलटंही झालं. एक मुलगी यादीत अक्षरांवर होती, कारण गुरुजींसमोर तिच्या तोंडातून शब्दच फुटत नाही. तपासायला आलेल्या बाईंनी तिला लहान भावाला वाचून दाखवायला सांगितलं. गोष्ट वाचली.

सहा शाळांची मिळून १६८ मुलं. परिच्छेद किंवा त्यावर: ७१. शेकडा ४२. मागच्या मार्चला यातल्या एका शाळेने लेखी कळवलं होतं की सर्व विद्यार्थी वाचतात. अशा याद्या मी स्वतःही केल्यात. २२ जून २०१५चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा शासन निर्णय आला तेव्हा मी शाळेवर होते. आपण प्रगत झालो हे आपणच कळवायचं असलं की कागद फार लवकर प्रगत होतो.

२० ऑगस्ट

शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक. मुद्दा एकच: रोज एक तास तिसरी-चौथी-पाचवी मोडायची आणि पातळीप्रमाणे बसवायची. अक्षर-शब्दवाले एका गुरुजींकडे, परिच्छेद-गोष्टवाले दुसऱ्यांकडे. बाकी दिवसभर नेहमीचे वर्ग.

यातलं माझं काही नाही. 'प्रथम' या संस्थेने मुंबईत आणि वडोदऱ्यात मागे पडलेल्या मुलांना वेगळं काढून शिकवायला बालसखी, म्हणजे त्याच भागातल्या तरुण मुली नेमल्या, त्याची तुलना अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या मंडळींनी नीट चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शाळांमध्ये करून पाहिली. पुढे त्यांना २०१९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच प्रकारच्या कामासाठी. एक गुरुजी मागून म्हणाले, "नोबेल त्यांना, बाराखडी आम्हाला." सगळे हसले, मीही.

पण खरा आक्षेप गंभीर होता. पाचवीचे गुरुजी: "पाचवीच्या पोरांना काना-मात्रा घेऊ? अभ्यासक्रम कधी संपवू? आणि पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर मला विचारतील." त्यांचं खोटं नाही. ज्याला शब्द वाचता येत नाही त्याला परिसर अभ्यासाचा धडा शिकवला हे दैनंदिनीत दिसतं, पोरात दिसत नाही, हे मी म्हटलं. ते म्हणाले, दैनंदिनी तुम्हीच तपासता. यावर मला उत्तर सुचलं नाही.

चार शाळा तयार झाल्या. दोन म्हणाल्या, बघू.

३ सप्टेंबर

काल पोळा. आज हजेरी निम्मी. काही नाही.

२३ सप्टेंबर

वजाबाकीच्या चिठ्ठ्या घेऊन बसले. ५२ वजा २७. चुकलेल्या उत्तरांचे ढीग केले टेबलावर, घरातल्या पत्त्यांसारखे.

सगळ्यात मोठा ढीग ३५चा. पाचातून दोन गेले तीन, दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले पाच. मुलाने नियम स्वतः तयार केलाय: मोठ्यातून लहान काढायचा, वर असो की खाली. त्याच्या परीने अगदी शिस्तीत. दुसरा ढीग ७९चा, चिन्हच पाहिलं नाही, बेरीज केली. तिसरा छोटा, ३०च्या आसपासचा, तिथं मोजताना घसरले. आणि एक कागद: उत्तर २५, बरोबर, पण कडेला ५२ रेघा मारलेल्या, त्यातल्या २७ खोडलेल्या. या पोरीला पूर्ण गुण. ३०२ वजा १५७ दिलं तर कागद पुरणार नाही.

पेपर तपासताना ३५ आणि ७९ दोन्ही 'चूक'. शिकवताना दोन वेगळी दुखणी. ३५वाल्यांना काड्यांचे गठ्ठे सोडवायला बसवायचं: पाच गठ्ठे, दोन सुट्या, सात काड्या दे बघू. एक गठ्ठा सोडल्याशिवाय देताच येत नाहीत. ७९वाल्यांना काड्यांची गरज नाही, त्यांना गणित तोंडाने म्हणायला लावायचं, आधी गोष्ट मग आकडे. आणि रेघावाल्या पोरीला दहाच्या नोटा.

हे तीन ढीग करायला मला पाऊण तास लागला. पायाभूत चाचणीच्या उत्तरपत्रिका जुलैपासून शाळेच्या कपाटात आहेत. त्यातही हेच ढीग असतील. आपण त्यांच्यातून फक्त गुण काढून घेतले आणि गठ्ठा बांधून ठेवला.

१५ ऑक्टोबर

दसरा झाला. गावात ऊसतोडीच्या मुकादमांच्या जीपा दिसू लागल्या. आगाऊ उचल वाटून झालीय, कुणी दीड कोयता, कुणी दोन (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता). एका आईला म्हटलं, पोरगी वाचायला लागलीय, हिला आजीपाशी ठेवा, हंगामी वसतिगृहात नाव घालू. म्हणाली, "धाकट्याला कोण सांभाळंल फडात?" पोरगी नऊ वर्षांची.

जाणाऱ्यांची यादी: चौथी-पाचवीतलीच जास्त. शिक्षण हमी कार्ड भरून ठेवली, कारखान्याजवळच्या शाळेत दाखवा म्हणून. मागच्या वर्षीची काही कार्ड परत आली होती, प्लास्टिकसकट कोरी.

२५ नोव्हेंबर

विधानसभा निवडणूक संपली. सहा शाळांतल्या चौदा शिक्षकांपैकी अकरा ड्युटीवर होते. दिवाळीची सुट्टी, प्रशिक्षण, मतदान, मोजणी. पातळीवार तास महिन्यात किती दिवस झाला ते विचारलं नाही, विचारायला माझीच जीभ रेटेना.

५ डिसेंबर

काल 'परख' या राष्ट्रीय मूल्यमापन संस्थेचं सर्वेक्षण. देशभर एकाच दिवशी तिसरी, सहावी, नववी. केंद्रातली एक शाळा नमुन्यात आली होती. निरीक्षक वेळेवर, पाकीटं सीलबंद, सगळं नीट झालं. तिसरीच्या पोरांना उत्तराचे गोळे रंगवायचा सराव गुरुजींनी आठवडाभर घेतला होता. दोघांनी गोळ्यांत डोळे-तोंड काढलं.

नमुन्यावरून जिल्ह्याचं चित्र कळतं, शाळेचं किंवा मुलाचं नाही, तशी त्याची रचनाच आहे आणि त्यात काही वावगं नाही. मला दुसरंच खटकलं. त्या वर्गाच्या पटावर तेरा, हजर आठ. उरलेले पाच पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडात. २०२१चं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबरला होतं, २०१७चं १३ नोव्हेंबरला. तिन्ही वेळा तारीख अशी की कोयता बाहेर पडलेला असतो किंवा पडत असतो. आमच्या डोंगरातल्या मुलांची देशाने तीनदा परीक्षा घेतली, आणि ज्यांची घ्यायला हवी होती ती तिन्ही वेळा गावात नव्हती.

१९ डिसेंबर

दुसरी मोजणी पूर्ण. पुन्हा अदलाबदल करूनच, परिच्छेदही नवे.

ऑगस्टमध्ये परिच्छेद किंवा त्यावर शेकडा ४२. आज १२१ मुलांत ६६. शेकडा साडेचौपन्न!

निवडणूक, दिवाळी, सगळं मध्ये येऊनही बारा टक्के. ग्रुपवर टाकलं, दोन ओळी कौतुकाच्या. लगेच अंगठे, फुलं, फेटे. पाचवीच्या गुरुजींनीही फेटा टाकला. आज स्वयंपाक करताना गुणगुणत होते म्हणे मी, लेकीने सांगितलं.

२० डिसेंबर

रात्री झोपताना तो आकडा डोक्यात आला. १२१. ऑगस्टमध्ये १६८ होती.

उठून वही काढली. गेलेली ४७ मुलं कोण? एकेक नाव शोधलं. त्यांच्यातली फक्त १२ ऑगस्टमध्ये परिच्छेदावर होती, पस्तीस अक्षर-शब्दांवर. म्हणजे कच्ची मुलं मोठ्या प्रमाणात गेली आणि पक्की मागे राहिली. कुणालाही काही न शिकवता वर्गाची टक्केवारी वाढणारच होती.

मग जी १२१ मुलं दोन्ही वेळा होती, तेवढीच धरली. त्यांच्यातली ५९ ऑगस्टमध्येच परिच्छेदावर होती, शेकडा ४९ला किंचित कमी. आता ६६. बारा टक्क्यांची जी वाढ मी फेट्यांसकट साजरी केली, तिच्यातले साडेसहा टक्के टायरगाडीत बसून कारखान्यावर गेले होते. आम्ही शिकवलेलं जेमतेम पावणेसहा.

सात मुलं. चार महिन्यांत निव्वळ सात.

अक्षर-शब्दांवरची पोरं जाणार हे कळायला काही जादू लागत नाही. जी दरवर्षी पाच महिने बाहेर असतात तीच मागे पडतात, आणि मागे पडतात म्हणून घरच्यांनाही वाटतं, शाळेत ठेवून तरी काय होणार. दोन्ही बाजूंनी तेच दावं. पण मोजणाऱ्याच्या हे लक्षात नसेल तर स्थलांतर जितकं जास्त तितकी डिसेंबरची शाळा हुशार दिसते. पहिल्या सत्राअखेरच्या संकलित चाचणी एकच्या वेळीही काही कुटुंबं निघून गेलेली होती. जुलैची सरासरी आणि पुढची सरासरी शेजारी शेजारी ठेवून प्रगती काढली जाते, मुलं तीच आहेत का हे कुणी विचारत नाही. मीही बारा तास विचारलं नव्हतं.

सकाळी ग्रुपवर दुरुस्ती टाकली, आकड्यांसकट. अंगठा एकच आला, वस्तीवरच्या गुरुजींचा.

यापुढे नियम: टक्केवारी लिहिताना खाली लिहायचं, तीच मुलं का वेगळी. आणि गेलेल्यांचा हिशेब वेगळ्या पानावर, ते पान फाडायचं नाही.

४ जानेवारी २०२५

सातवर अडून बसणंही बरोबर नाही, हे दोन आठवड्यांनी कळतंय. परिच्छेदाची रेघ ओलांडली का एवढंच पाहिलं तर अक्षरावरून शब्दावर आलेलं पोर दिसतच नाही. म्हणून आडवा-उभा तक्ता केला: ऑगस्टला कुठे होता, आता कुठे. रेघेच्या खाली असलेल्यांतच पंधरा जणं एक पायरी चढलीत. तांड्यावरची पाच जणं ऑगस्टमध्ये कमळ आणि कणीस यांतला फरक चित्राशिवाय करू शकत नव्हती, आता जोडाक्षर सोडून शब्द वाचतात. रफार आला की थांबतात. 'सूर्य'पाशी तर सगळेच.

आणि तक्त्याने एक वाईट गोष्टही दाखवली. एका शाळेत शब्दावरची जवळपास सगळी वर आली, अक्षरावरचं एकही पोर हललं नाही. गुरुजींना विचारलं तर त्यांनी लपवलं नाही. "शब्दावाली पाच पोरं ढकलली की शाळा वर दिसती. अक्षरावाल्यांना वर्ष लागतंय. त्यांचं जूनपासून बघू." मीच रेघ आखली, मीच ग्रुपवर तिचे आकडे टाकले, त्यांनी रेघेजवळचे उचलले. अमेरिकेत अटलांटाच्या सरकारी शाळांत २००९च्या परीक्षेत शिक्षकांनीच मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्या, २०११च्या चौकशीत पावणेदोनशेच्या वर शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. तिथं आकड्यावर नोकरी टांगली होती. इथं नुसता फेटा होता, तेवढ्यानेही कुणाकडे बघायचं ते बदललं.

ग्रुपवर आकडे टाकणं बंद. तक्ता ज्या शाळेचा त्याच शाळेत, गुरुजींच्या हातात.

३० जानेवारी

दोन कागद एकाच आठवड्यात.

एक 'असर २०२४', परवा आला. देशातल्या ग्रामीण भागात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के दुसरीचा मजकूर वाचतात. २०२२मध्ये १६.३, कोविडच्या आधी २०१८मध्ये २०.९. म्हणजे खड्डा भरून वर आले. लोक २३ ऐकून कपाळाला हात लावतील, पण दोन वर्षांत सात टक्के ही देशाच्या पातळीवर लहान गोष्ट नाही. ते घरी जाऊन मोजतात, जिल्ह्यात ३० गावं, गावात २० घरं. शाळेत गैरहजर असलेलं पोर घरी सापडतं, हा त्याचा मोठा गुण. कुलूप लावलेल्या घरातलं मात्र तिथंही सापडणार नाही.

दुसरा कागद वरून आला: शाळांची क्रमवारी, सरासरीप्रमाणे. पहिल्या पाचांत तीन शाळा दहाच्या आतल्या पटाच्या. शेवटच्या पाचांतही चार तशाच. वरच्यांना अभिनंदन, खालच्यांना खुलासा.

वर्गात सात मुलं असली आणि त्यातल्या एकाला ८० पडायच्या जागी ताप असल्यामुळे २० पडले, तर वर्गाची सरासरी साडेआठ गुणांनी खाली येते. चाळीस मुलांच्या वर्गात तेच घडलं तर दीड गुणाने. म्हणून लहान शाळा यादीच्या दोन्ही टोकांना जाऊन बसतात, शिक्षक तेच असले तरी. आज खुलासा देणारी शाळा पुढच्या वर्षी अभिनंदनात असेल आणि कुणीतरी म्हणेल, बघा, खुलासा मागितला की काम होतं.

खुलासा मी लिहून दिला, एका पानाचा, हे गणित घालून. पोचपावती मिळाली.

१२ मार्च

निपुण महाराष्ट्रचा नवा कृती कार्यक्रम आलाय, दुसरी ते पाचवी, जूनअखेरपर्यंत. गाभा पाहिला तर आपण ऑगस्टपासून करतोय त्याच्या जवळचाच: मुलाची पातळी बघा, तिथून शिकवा, पुन्हा बघा. बरं वाटलं. नोंद अर्थातच लिंकवर.

चावडी वाचन घेतलं वस्तीवर, पारावर. गावासमोर पोरं वाचतात हे आईबापांना आवडतं. पण गुरुजी वाचायला कुणाला उभं करणार हे सांगायला नको, म्हणून मी नावं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकली. तिसरी चिठ्ठी निघाली ती अडखळणाऱ्या पोराची. पारावर शांतता. त्याचा आजा मोठ्याने म्हणाला, "वाच सावकाश, आम्हाला कुठं जायचंय." त्याने वाचलं, सहा ओळींना चार मिनिटं. चिठ्ठ्यांचा प्रकार पुन्हा करावा की नाही, ठरत नाही. पोर रडलं असतं तर?

२९ एप्रिल

पाडव्यानंतर कोयते परतू लागले. ४७पैकी ३१ आली. सकाळची शाळा, ऊन आठलाच. प्रत्येकाजवळ बसले.

ऑगस्टमध्ये शब्दावर असलेल्यांतली निम्मी अक्षरांवर आलीत. अक्षरांवरची बहुतेक तिथंच. एक मुलगी मात्र वर गेलीय, शब्दावरून परिच्छेदावर. कारखान्याजवळच्या शाळेत गेलीस का? नाही. मग? तळावर खोपीशेजारी तिच्याहून मोठी एक पोरगी होती, लातूरकडची, रोज संध्याकाळी तिच्याकडून कीर्तनाची पत्रकं आणि बियाण्यांच्या पिशव्या वाचून घ्यायची. पत्रकं जपून आणली होती, दाखवली.

हमी कार्ड नऊ जणांनी परत आणली. दोनांवर दुसऱ्या शाळेचा शिक्का.

जी नऊ वर्षांची धाकट्याला सांभाळायला गेली होती ती आलेली नाही. गावात विचारलं, आईबाप आलेत, ती मामाकडे आहे म्हणाले.

२ मे

वर्षाचा हिशेब. सलग हजर राहिलेली ११८ (तीन कुटुंबं मार्चमध्ये वीटभट्टीवर गेली). त्यांच्यातली परिच्छेद किंवा त्यावर: ऑगस्टमध्ये ५८, आता ७९. 'सांगता आलं का'मध्ये 'हो' त्याहून पाच कमी, म्हणजे पाच जण अजून आगगाडीच आहेत. परतलेली ३१ वेगळ्या पानावर. न आलेली सोळा तिसऱ्या पानावर, नावाने.

गटशिक्षणाधिकाऱ्यांसमोर ठेवलं. त्यांनी तिसरं पान आधी वाचलं, हे लिहून ठेवते. मग म्हणाले, एकच आकडा द्या, जिल्ह्याला कळवायचा आहे. मी म्हटलं, तीन आहेत. ते म्हणाले, रकाना एकच आहे.

जूनसाठी: पहिली मोजणी शाळा उघडल्यावर पंधरा दिवसांत, ऑगस्टपर्यंत थांबायचं नाही, म्हणजे जाणाऱ्या पोरांना दसऱ्याआधी तीनएक महिने मिळतील. पातळीवार तास त्यांच्यासाठी दोन करता येतील का, तांड्यावरच्या बाई तयार आहेत. परिच्छेद नवे लिहायचे, 'सूर्य' ठेवायचा. सोळांपैकी किती परतले ते १५ जूनला घरोघर. कार्ड लॅमिनेट करून घेतली, झेरॉक्ससह ३४० रुपये, पावती वहीच्या मागच्या खिशात.